वळणावरचा सुलटा

हे कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मावशीनं माझं मनगट धरून बजावलं होतं, "तुझ्या आईलासुद्धा नाही." आईला मी सांगितलेलं नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मावशीला ओळखत नाही, आणि आज दुपारपासून ही गोष्ट माझ्या एकटीच्या पोटात मावेनाशी झाली आहे. चारचौघांत मला बोलता येत नाही. लिहिताना मात्र कोणी मध्येच "जरा मोठ्यानं बोल गं" म्हणत नाही. म्हणून लिहिते. पहिल्यापासून सांगते, म्हणजे तुम्ही गोंधळणार नाही.

माझी मावशी मोजणी खात्यात आहे. जमिनीचे चढ-उतार मोजायचे, हे तिचं काम. ऐकायला अवघड वाटतं, पण आहे सोपं. तिपाईवर एक दुर्बीण बसवायची आणि ती अगदी सपाट करून घ्यायची. समोर एक माणूस उंच पट्टी धरून उभा राहतो. पट्टीवर खालपासून वरपर्यंत आकडे रंगवलेले असतात. दुर्बिणीतली आडवी रेघ ज्या आकड्यावर येईल तो टिपायचा. आधी मागच्या जागेचा आकडा, मग पुढच्या जागेचा. दोन्हींतला फरक म्हणजे चढ किंवा उतार. असं टप्प्याटप्प्यानं मोजत टेकडी चढायची आणि तशीच मोजत उतरायची. जेवढं चढलो तेवढंच उतरलो पाहिजे. ते जुळलं की काम झालं.

गावामागच्या टेकडीवर पाण्याची टाकी बांधायची होती, त्यासाठी तिची नेमकी उंची हवी होती. टेकडी इतकी छोटी की बाहेरचे पाहुणे तिला टेकडी म्हणायलाही तयार नसतात. पण माथ्यावरून चारी दिशा मोकळ्या दिसतात. नदीचं वळण, रेल्वेचा पूल, माझ्या शाळेचं मैदान, आमची गच्ची आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीसुद्धा. संध्याकाळी सगळं गाव तिथं पाय मोकळे करायला जातं. अशी ती गरीब, ओळखीची टेकडी. आणि तीच मावशीला जुळत नव्हती.

पहिल्या दिवशी चढण नीट मोजली गेली. उतरताना मात्र फरक आला, आणि तोही थोडाथोडका नाही, चांगला पुरुषभर. माणूस उभा केला तर जेवढा भरेल, तेवढा. मावशीनं पुन्हा एकदा सगळी टेकडी मोजली. पुन्हा पुरुषभर.

"काय मॅडम," साहेब सगळ्या कचेरीसमोर म्हणाले, "जाताना टेकडी उंच आणि येताना बुटकी? वाटेत चप्पल काढून ठेवली की काय तिनं?"

सगळे हसले. मावशी हसली नाही.

"यंत्र जुनं आहे, साहेब. नवं मिळालं तर..."

"नवं धरणावर गेलंय. आणि यंत्राला नावं ठेवू नका, त्या यंत्रानं आम्ही अर्धा जिल्हा मोजलाय. सहाचे नऊ वाचले असतील तुम्ही. उद्या शेवटचं बघा. नाही जुळलं तर परवापासून आत बसून नकाशे रंगवा. पंख्याखाली. उन्हातून सुटाल बिचाऱ्या."

त्या 'बिचाऱ्या'वर मावशी घरी येऊन दोन तास धुमसत होती. त्या कचेरीत बाहेरचं काम करणारी ती एकटीच बाई. तिच्याआधी दोघी आल्या, आणि दोघींनाही असंच एकदा काहीतरी जुळलं नाही म्हणून पंख्याखाली बसवलं. त्या अजून तिथंच बसून नद्यांना निळा आणि रस्त्यांना लाल रंग देतात. मावशीला ते नको होतं. तिला ऊन हवं होतं, जड तिपाई हवी होती, पायाला ओरखडे काढणारं गवत हवं होतं. रात्री जेवताना आईनं नुसतं "आत बसून काम मिळालं तर वाईट काय गं त्यात?" असं विचारलं, तर ती भरल्या ताटावरून उठली.

सहा-नऊचं जे साहेब बोलले, ते मात्र अगदीच खोटं नव्हतं. कारण जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. भिंगांची रचनाच तशी. आकाश खाली, जमीन वर. झाडं शेंडा खाली करून लोंबत असतात, आणि पट्टी धरलेला माणूस वटवाघळासारखा जमिनीला पायांनी चिकटून लटकलेला असतो. नवा माणूस पाहील तर त्याला भोवळच येईल. पण मावशी म्हणते की आठवडाभरात डोळे विसरतात. शिंप्याला कापड उलट्या बाजूनं बघायची सवय असते, तसंच. मग उलटं हे उलटं वाटतच नाही. पाय वर, डोकं खाली, आकडे उफराटे, हेच बरोबर वाटायला लागतं.

हे लक्षात ठेवा. सगळं यावरच आहे.

पट्टी धरायला तिच्याबरोबर सुतळीकाका असायचे. उंच आणि किडकिडीत, म्हणून कचेरीनं ठेवलेलं ते नाव. त्यांच्या बायकोला सोडलं तर खरं नाव कुणाला आठवत नसेल. उन्हाळा असो की हिवाळा, डोक्यावर लाल लोकरीची टोपी. "लांबून बाईंना दिसावं म्हणून," असं ते सांगायचे. तोंडात सदा पेपरमिंटची गोळी, आणि गोळी संपली की शीळ. एकच सूर, गेली कित्येक वर्षं तोच. मावशीपेक्षा वयानं मोठे, म्हणून ती त्यांना भाऊ म्हणायची आणि ते तिला बाई.

तिसऱ्या दिवशी दोघं दुपारी निघाले. ऊन होतं, पण धुरकट. वारा वाकडा वाहत होता आणि वाळलेल्या गवतातून 'स्स्स' असा एकसारखा आवाज येत होता, कुणीतरी कुणाला गप्प करत असल्यासारखा. तिपाईच्या एका पायाचा स्क्रू ढिला होता. मावशी तो घट्ट करायची, तो पुन्हा सुटायचा. त्यात फिरायला आलेली माणसं. यंत्र लावलं रे लावलं की कोणीतरी थांबायचंच.

"फोटो काढताय का? आमचा पण काढा की!"

"मोजणी चाललीय."

"कशाची?"

"टेकडीची."

"ती पळून थोडीच चाललीय," असं म्हणून ते स्वतःच्या विनोदावर हसत पुढं जायचे. मावशी दात आवळून पुन्हा भिंगाला डोळा लावायची. भिंगात लाल टोपी खाली, चपला वर, मधे पट्टी. भाऊ जागेवर. आकडा टिपला. पुढं.

माथ्यावर पोचले तेव्हा चढणीचे आकडे आदल्या दोन्ही वेळांशी तंतोतंत जुळले होते. म्हणजे चूक चढताना होत नव्हती. चूक उतरताना होत होती. मावशी बाकावर टेकली. समोर सगळं गाव पसरलं होतं, धुळीनं पिवळं पडलेलं, आणि कडेला नदी चमकत होती. एरवी ते बघून तिचा राग निवतो. त्या दिवशी निवला नाही.

"उतरताना कुठं चुकतंय हो, भाऊ?"

"मी नुसतं लाकूड धरून उभा राहणारा माणूस, बाई. मला काय विचारता?" काकांनी तिला एक पेपरमिंट दिलं. "घ्या, गोड खा. साहेबांच्या नावानं कडाकडा फोडा."

ती हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

उतरायची वाट दुसऱ्या बाजूची, आणि तिथं टेकडीच्या कमरेला एक लांब वळण आहे. तिथं पूर्वी दगड काढायचे. अर्धी बाजू खरवडून काढलेली, आणि काठाला फक्त पायवाट. तिथं कुणी बसत नाही. का ते कुणी सांगत नाही, पण फिरणारी माणसं तेवढा तुकडा पटपट चालतात, मी स्वतः पाहिलं आहे. तिथं फुटक्या दगडाचा थंड वास येतो, भर उन्हातसुद्धा. पायवाट फिरून जात असल्यामुळे पट्टीवाला झुडपांमधून आडवाटेनं उतरतो आणि वळणावर जाऊन उभा राहतो. तिपाई वरच असते. म्हणजे मधली काही मिनिटं तो मावशीला दिसत नाही.

मावशीनं वरच्या खडकाजवळचा काकांचा आकडा घेतला आणि हात केला. याचा अर्थ, झालं, पुढं चला. मग यंत्र वळणाकडे फिरवलं आणि भिंगात पाहिलं.

पट्टी हजर होती.

"अरे वा," ती स्वतःशीच पुटपुटली. "आज पंख फुटले वाटतं भाऊंना."

वाराही नेमका पडला होता. चित्र अगदी स्थिर. आणि का कोण जाणे, आकडा एका नजरेत वाचता आला. एरवी उफराटे आकडे मनात सरळ करून घ्यावे लागतात. आज तसं काही करावंच लागलं नाही. तिला इतकं बरं वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सोपं झालं होतं. तिनं आकडा टिपला आणि खूण करायला हात वर केला.

"बाई, दम धरा हं जरा!"

आवाज मागून आला.

मावशी वळली. वरच्या खडकावर सुतळीकाका बसले होते. एक पाय मांडीवर घेतलेला, चप्पल हातात, पट्टी शेजारी आडवी.

"काटा मोडलाय टाचेत. निघतच नाही लेकाचा. हा निघाला की उतरतोच."

 मावशी म्हणते, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही. राग आला. पुन्हा काहीतरी जुळत नव्हतं, म्हणून राग. तिनं उघड्या डोळ्यांनी वळणाकडे पाहिलं. पिवळी पायवाट, खरवडलेला दगड. माणूस नाही. पट्टी नाही.

मग तिनं पुन्हा भिंगाला डोळा लावला.

तो तिथंच होता. पट्टी धरून. आणि आता तिला कळलं, की आकडा इतका सोपा का गेला होता. आकडे सरळ होते. पट्टी सरळ होती. माणूसही सरळ होता, डोकं वर, पाय खाली, तुम्ही-आम्ही उभे राहतो तसा. फक्त बाकी सगळं उलटं होतं. झुडपं उलटी, दगड उलटा, पायवाट वरच्या बाजूला, आकाश खाली. ज्या भिंगात काहीच सुलटं दिसत नाही, त्या भिंगात तो एकटा सुलटा उभा होता.

म्हणजे खरा कसा होता, ते मावशीनं मनात हळूच उलटवून पाहिलं. डोकं जमिनीला टेकलेलं. पाय आकाशात. तो आकाशावर उभा होता. आणि पट्टीचं शून्याचं टोक जमिनीवर नव्हतंच. ते त्याच्या पायाशी होतं, वर, पुरुषभर.

"भाऊ," तिनं मान न वळवता विचारलं. "काल... आणि परवा... मी हात केला, तेव्हा तुम्ही वळणावर पोचला होता ना?"

"छे हो. मी आपला गोळी तोंडात टाकून सावकाश उतरतो तिथं. खाली पोचेपर्यंत तुम्ही तिपाई उचलून निघालेल्या. म्हटलं, बाईंनी घेतला असेल आकडा. मी तसाच थांबलो... का? काय झालं?"

तिन्ही दिवस त्यानंच पट्टी धरली होती.

आता ऐका, कारण मावशीनं हे सांगताना माझ्याकडे पाहिलं नव्हतं. ती तिथून परत फिरू शकत होती. सांगू शकत होती, भाऊ, चला घरी. पण सूर्य पुलाच्या मागं उतरायला आला होता. चढलेल्या वाटेनंच उतरलं तर कचेरीत ती पडताळणी धरत नाहीत, आणि वळण सोडून तिसरी वाट नाही. वळणाचा आकडा हवाच होता. नाहीतर पंखा, निळा रंग, लाल रंग. "माझी टेकडी आहे ती," असं ती मला म्हणाली. "मी का सोडायची? तो कोण लागून गेला?"

"काही नाही," ती काकांना म्हणाली. "तुम्ही उतरा. वळणावर पट्टी धरा. नीट धरा."

"एवढा काटा..."

"नंतर काढा हो! उजेड चाललाय."

काका लंगडत झुडपांत शिरले. शीळ ऐकू येत राहिली, मग गवताच्या आवाजात बुडाली. मावशीनं डोळा भिंगाला लावून ठेवला. तो तिथं होताच. हलत नव्हता. चेहरा पट्टीच्या आड. डोक्यावर टोपी असावी, लालसर काहीतरी. तिनं रंगाकडे लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं.

मग काका आले. भिंगात ते नेहमीसारखे उलटे आले, वरच्या पायवाटेला पायांनी चिकटून, टोपी खाली लोंबत. चालत चालत ते बरोबर त्याच्यापाशी आले. त्यांना काही दिसत नव्हतं. ते वळले आणि त्यांनी पट्टी उभी केली. दोघं एकमेकांना चिकटून उभे होते, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांशी, पत्त्यांतल्या राजासारखे. वरून पाहा, राजा. खालून पाहा, राजा. मधे एकच पट्टी. तिच्यावर चार हात.

मावशीनं आडव्या रेघेवरचा उफराटा आकडा शोधला. तो वाचला, पुन्हा वाचला आणि टिपला. आकडा स्वच्छ होता.

"झालं..." ती पुटपुटली. मग तिनं हात केला.

आणि भिंगात त्या दोघांपैकी एकानं हात करून उत्तर दिलं.

कुणी, ते तिनं पाहिलं नाही. तिनं डोळे मिटून घेतले होते.

तिपाई खांद्यावर टाकून ती वळणावर आली, तेव्हा तिथं एकच माणूस उभा होता. नीट, पायांवर. लाल टोपी डोक्यावर. शीळ घालत होता.

"काटा निघाला का हो?" जाता जाता तिनं विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"कसला काटा?" सुतळीकाका म्हणाले.

पुढं पायथ्यापर्यंत दोनच टप्पे उरले होते. मावशीनं यंत्र नेहमीपेक्षा खूप जवळ लावलं. इतकं जवळ, की भिंगात माणूस मावायलाच नको, नुसता पट्टीचा हातभर तुकडा मावावा. आकडे उफराटे होते, म्हणजे पट्टी तरी ठीक होती. पट्टी कुणाच्या हातात होती, ते भिंगाबाहेर राहिलं. "मला आकडा हवा होता," ती मला म्हणाली. "आकडा मिळाला."

टेकडी जुळली. केसभराचासुद्धा फरक नाही.

"चला, घातली म्हणायची टेकडीनं चप्पल!" साहेब म्हणाले आणि सगळ्या कचेरीला त्यांनी चहा पाजला. मावशीचं बाहेरचं काम कायम झालं. धरणावरचं नवं यंत्र आलं आणि ते तिला मिळालं. नव्या यंत्रात सगळं सुलटंच दिसतं. झाडं सुलटी, पट्टी सुलटी, सुतळीकाका सुलटे. त्यात कळायला काही मार्गच नाही. जुनं यंत्र भंगारात निघालं होतं. ते मात्र ती घरी घेऊन आली आणि माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागं कोंबून ठेवलं. आई म्हणाली, "घर आहे की अडगळ?" त्यावरून दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. खरं तर त्या दिवसापासून मावशी साध्या साध्या गोष्टींवरून भांडते. जे हवं होतं ते सगळं मिळालं, तरी चिडलेलीच असते.

सुतळीकाका अजून येतात आमच्याकडे. तसेच बोलतात. पेपरमिंट देतात. पण मी मोठ्यांच्यात बसून बोलत नाही, नुसती बघत बसते, म्हणून मला काही गोष्टी दिसतात. ते रस्त्यानं चालताना एक हात भिंतीवरून फिरवत येतात. जिथं भिंत संपते तिथं थांबतात, आणि मोकळा तुकडा धावत ओलांडून पुढची भिंत धरतात. छपराखाली आले की सुटल्यासारखा श्वास टाकतात. आणि शीळ. सूर तोच आहे, पण हल्ली ते हवा बाहेर सोडून शीळ घालत नाहीत. आत ओढून घालतात. करून बघा. फार वेळ जमत नाही. त्यांना जमतं.

हे मी मावशीला सांगितलं, तेव्हाच तिनं माझं मनगट धरलं आणि मला सगळं सांगितलं. मी विचारलं, "मग जुन्या दुर्बिणीतून एकदा बघत का नाहीस त्यांच्याकडे?"

"कशाला?" ती एकदम ओरडली. मग हळू आवाजात म्हणाली, "बघून... काय करू गं?"

आता आजचं. टाकीचा नळ त्या वळणावरून खाली येणार आहे, म्हणून वळण पुन्हा मोजायचं निघालं आहे. या वेळी पट्ट्या दोन लागणार, आणि दुसरी धरायला कचेरीत कोणीच तयार नाही. कुणाची कंबर दुखते, कुणाच्या घरी पाहुणे. मावशी सकाळपासून धुसफुसत होती. तिला सांगून उपयोग नव्हता, आईला सांगायची बंदी. माझंच डोकं भणभणलं. दुपारी आई झोपली तेव्हा मी माळ्यावर चढले, गाद्यांमागून जुनं यंत्र काढलं आणि गच्चीच्या कठड्यावर ठेवलं.

आमच्या गच्चीवरून ते वळण समोर दिसतं. उघड्या डोळ्यांनी तिथं काही नव्हतं. मग मी भिंगात पाहिलं.

आकाश खाली. जमीन वर. वर पायवाट, आणि पायवाटेला पायांनी चिकटून, टोपी खाली लोंबत, जसा दिसायला हवा अगदी तसाच, एक उंच किडकिडीत माणूस उभा होता. एक टाच उचललेली, काटा मोडल्यासारखी. पट्टी नव्हती त्याच्याजवळ. एक हात त्यानं उंच धरला होता. पट्टीवाले "बाई, झालं का? निघू का?" असं लांबून विचारतात, तसा. तो तेव्हापासून तिथंच थांबला आहे. कुणी हात करेल म्हणून.

मी हात केला. किती वेळा केला, सांगता येत नाही. तो मला बघत नव्हता.

तेवढ्यात गल्लीतून शीळ आली. आत ओढलेली. सुतळीकाका आमच्याकडेच येत होते, अजून गल्लीच्या पार टोकाला होते, म्हणजे भिंगात अख्खे मावले असते. मी यंत्र त्यांच्याकडे वळवलं आणि पाहिलं. मग यंत्र कठड्यावरच सोडून आत पळाले. आता माझ्या खोलीत दार लोटून लिहिते आहे. खाली कपबश्या वाजताहेत. मावशी काहीतरी सांगते आहे, काका हसताहेत. मी काय पाहिलं ते लिहायचं म्हणजे...

हाक आली. मावशीची नव्हे.

"बाळ, खाली ये गं! उजेड आहे तोवर वळणावर दुसरी पट्टी धरायला चल. बाईंनी हो म्हटलंय."

मावशीनं खरंच हो म्हटलं असेल? तिचा आवाज येत नाही. जिन्यात पावलं वाजताहेत. कुणी उतरून जाताना वाजतात तशी वाजताहेत, पण जवळ येताहेत. आले हं काका, असं मी म्हटलं आहे. काय पाहिलं तेवढं सांगते आणि जाते. भिंगात सगळी गल्ली उलटी होती, भिंती उलट्या, दारं उलटी, दोरीवरचे कपडे वर तोंड करून लोंबत होते, आणि त्या सगळ्यात काका एकटेच